हिरामावशी आणि तिसरा ससा

सशांच्या खोलीत शिरण्याआधी हिरामावशी दारावर दोनदा टकटक करायची. आत माणूस नाही, नुसते पिंजरे, तरीही. "झोपल्याल्याच्या अंगावर एकदम जाऊ न्हाई, म्याडम. बिचकत्यात," असं वर मलाच ऐकवायची. चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत सशांचा एवढा मान दुसरं कुणी ठेवत नव्हतं. मी तर नाहीच नाही.

मावशी पुनावळ्याची, जुन्या गावातली. अर्धं आयुष्य शेळ्या राखण्यात गेलं. शेतांवर इमारती आल्या, शेळ्या गेल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर ती कंत्राटावर आमच्याकडे प्राण्यांची देखभाल करायला लागली. दोन बस बदलून यायची, पण माझ्या आधी हजर. मी लातूरकडची, पिंपळे गुरवला मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी. एमएस्सीची पदवी नवीकोरी आणि तोरा विचारू नका! झाडपाल्यापासून केलेली कीटकनाशकं माणसाला कितपत अपाय करतात, ते तपासणं माझं काम. बाटलीवर धोक्याचा इशारा छापायचा की नाही, हे आमच्या नोंदींवर ठरायचं.

एकदा कडुनिंबाचं औषध आलं होतं. मी म्हणाले, "मावशी, हातमोजे कशाला? झाडपाल्याचंच तर आहे." मोजे चढवता चढवता ती म्हणाली, "धोतराबी झाडच हाय की. खाता का भाजी करून?" मी पोट धरून हसले. ती काही हसली नाही.

जनावराचं दुखणं तिला डोळ्यावरून कळायचं. "मुकं हाय ते. आपुनच बघाया पायजे," म्हणायची, आणि नेमून दिलेलं नसतानाही रोज एकेका सशासमोर उकिडवी बसून बघायची.

मग सीताफळाच्या बियांचं ते औषध आलं. तीन सशांच्या डोळ्यात थेंब घालायचा आणि पुढचे तीन दिवस ठरल्या वेळी डोळे बघून लिहायचं. थेंब गुरुवारी घातला, म्हणजे शेवटची नोंद रविवारी. नेमके त्याच रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. बदली माणूस मागायचा तर साहेबांना कारण सांगावं लागणार, त्याची मला लाज वाटली. बघा, लाज कशाची वाटावी माणसाला! शनिवारी डोळ्यांची लाली उतरत होती, म्हणून रविवारची नोंद मी शनिवारीच लिहून टाकली. 'डोळे स्वच्छ.' ते स्थळही पुढे जमलं नाही, हा भाग वेगळा.

सोमवारी मावशी दारातच उभी. "म्याडम, तिसऱ्याच्या डोळ्यात फूल पडलंय. काल लई वाट बघितली तुमची."

बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. औषधानं डोळ्याला इजा केली होती, यात शंकाच नव्हती. पण खरं लिहावं तर रविवारी मी आलेच नव्हते हे उघडं पडणार आणि नोकरी जाणार. मी लिहिलं, 'हाताळताना इजा. तिसरा ससा वगळला.' आता सशांना हाताळत कोण होतं? एकटी मावशी.

साहेबांनी दोघींना बोलावलं.

"म्या नखबी लावलं न्हाई, सायेब," मावशी म्हणाली. "औषधानंच झालंय. म्याडमना इचारा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फाईलकडे.

"घाईत होतं कधी कधी असं," मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

मावशी भांडली नाही. दारातून वळून एवढंच बोलली, "माझं ऱ्हाऊ द्या. पर बाटलीवर डोळ्याचं लिवा, म्याडम. फवारनारी आपल्यासारखीच मानसं असत्यात." महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपवलं. औषध इशाऱ्याशिवाय बाजारात गेलं. आजही तसंच मिळतं.

पुढं तीन वर्षं पुनावळ्याकडे जायचं काम निघालं की मी काहीतरी निमित्त काढून टाळायचे. मावशीनं अंथरूण धरलंय असं कंपनीच्या वॉचमनकडून कळलं, तेव्हा मात्र गेले. सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, असं पक्कं ठरवून गेले. तीच शेवटची भेट, कारण महिन्याभरात ती गेली.

खाटेवर पडून होती. मला बघून उठून बसायला लागली. "ये गं पोरी. किती वाळलीस!"

"मावशी, त्या सशाचं..." एवढंच माझ्या तोंडून निघालं, तोच तिनं माझा हात धरला.

"लिवलं का गं बाटलीवर? डोळ्याचं?"

'नाही' हा एक शब्द सांगायला तर मी आले होते.

"हो मावशी," मी म्हणाले. "लिहिलं."

तिचा चेहरा उजळला. "मला ठावंच हुतं. म्याडम वाईट न्हाई, मी म्हनत हुते घरी." मग तिनं आत हाक मारली. "सूनबाई, बाहेर ये! हीच ती. हिनं माझं ऐकलं बघ. नोकरी गेली ती फुकट न्हाई गेली माझी. आलं घालून चहा टाक."

सून चहा घेऊन आली. मावशी कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी तो सगळा चहा प्यायले.