न धुतलेलं अंगडं

मेंढवाड्यावर तिला सगळे सुईण म्हणत. माणसांची नव्हे, मेंढ्यांची. अडलेल्या मेंढ्या मोकळ्या करण्यात तिची तीस वर्षं गेली. पण तिचं खरं नाव झालं ते वेगळ्याच कामात. एखाद्या मेंढीचं कोकरू दगावलं, की ती त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या अंगावर चढवायची. मेंढी हुंगायची, आपलंच समजून पान्हा सोडायची. "आईला नाकानं फसवायचं," सुईण तोऱ्यात सांगायची.

त्या वर्षी तिच्या लेकीचं बाळ नवव्या दिवशी गेलं. लेक माहेरीच होती. छाती घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. त्याच आठवड्यात सून बाळंत झाली आणि तापानं दवाखान्यातच राहिली. तिचं पोर बाटलीतलं दूध ओकून टाकायचं. चार दिवसांत त्याचं रडणंही बारीक झालं. "अंगावरचं दूध मिळालं नाही, तर याचं काही खरं नाही," डॉक्टरीण म्हणाली.

लेकीकडे विषय काढायचा सुईणीला धीर होईना. मग तिनं आपल्याला जे येत होतं तेच केलं. दुपारी लेकीचा डोळा लागल्यावर तिच्या उशीखालचं, गेलेल्या बाळाचं न धुतलेलं अंगडं काढलं, नातवाला घातलं आणि त्याला लेकीच्या कुशीत सरकवलं.

लेकीनं झोपेतच हुंगलं. "आला गं माझा राजा," पुटपुटली, आणि पोराला जवळ घेतलं. पोर लुचू लागलं. दारातल्या सुईणीला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडी ऐटही वाटली.

मग लेकीनं डोळे उघडले. ओरडली नाही, पोराला दूरही केलं नाही.

"आई, विचारायचंस की. मी नाही म्हटलं असतं का?"

"मेंढीला कुठं विचारतो आपण?" सुईण सवयीनं बोलून गेली. जीभ हासडून टाकावीशी वाटली तिला.

लेकीनं अंगड्याचे बंद सोडले, ते नाकाशी धरलं. पुन्हा धरलं. "याला आता ह्या पोराचा वास येतोय. माझ्याकडे एवढंच उरलं होतं."

पोर जगलं, बाळसं धरलं. सून घरी आल्यावर लेक सासरी गेली, ती परत आली नाही. भावाला तेवढा फोन करते. सात वर्षांनी एकदा सुईणीनंच फोन ओढून घेतला.

"बरी आहेस ना गं?"



"आता कुणाला दूध हवंय?" लेकीनं विचारलं.