शुक्रवारचा शेवटचा भाग

श्रीगोंद्यात आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणारे एक दादा आहेत. मालिकांच्या येत्या भागांच्या बातम्या ते मोबाईलवर आधीच वाचतात आणि शिलाईचा वायदाही त्यावरूनच देतात. "मंगळवारी सून घरी परतनार हाय ताई, तवाच या." स्वतः मात्र परग्रहावर अडकलेल्या यानाची मालिका बघतात. संध्याकाळच्या भारनियमनाविरुद्ध मी गल्लीभर पत्रकं वाटली, तर यांनी त्या कागदाचा गळ्याचा नमुना कापला! संतापच आला.

मग बातमी आली, यानाचा शेवटचा भाग शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी मी निवेदन घेऊन वीज कार्यालयात गेलो, तर दादा माझ्याही पुढे उभे आणि मागे त्यांची सगळी गिऱ्हाइकं.

"मुलांच्या परीक्षेचं सांगा," मी कुजबुजलो.

"परीक्षा कवाच सपल्या. सायेब, आज यान उतरनार हाय. लाइट पायजे."

साहेब हसले. "मालिकेसाठी मोर्चा?"

"बिल भरतो न्हवं? मग लाइटीत काय बघायचं, ते तुमी इचारायचं न्हाई."

"आन आमची सातची मालिका बी हाय!" मागून एक बाई ओरडली.

साहेब आजचं भारनियमन रद्द करायला फोनकडे वळले. माझ्या पत्रकांनी ते कधी वळले नव्हते.