कूर्चेभोवतीची गर्दी

माझी भाची मुक्ता प्रयोगशाळेत काम करते. काल तिने मला सूक्ष्मदर्शकातून एक फिकट निळा तुकडा दाखवला. त्याच्याभोवती जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती. तुकडा बोकडाच्या सांध्यातल्या कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक गादीचा. त्यातल्या पेशी धुऊन काढून नुसता सांगाडा उंदराच्या अंगात ठेवलेला, त्यावर नवी कूर्चा धरावी म्हणून. ठिपके उंदराच्या रक्षक पेशींचे.

"परक्याला हाकलायला आल्यात?" मी विचारलं.

"मलाही आधी तसंच वाटायचं, मामा. पण त्या आल्याच नाहीत तर पुढे काही नीट वाढत नाही. त्या चाचपून बघतात. कधी तुकडा पोखरतात, कधी दुरुस्तीला इतर पेशींना बोलावतात."

"हे ठरवतं कोण?"

"तेच तर बघत बसलेय."

मी पुन्हा डोळा लावला. आमच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं की सगळे असेच गॅलरीत जमायचे. भांडायला की सामान उचलू लागायला, हे त्यांनाही ठाऊक नसायचं.

प्रयोगशाळेचा जिना उतरताना माझा सुजलेला गुडघा कुरकुरला. इतके महिने मी त्या सुजेवर नुसता चिडत आलोय. या वेळी पायरीवर थांबून तिच्यावर हात ठेवला. गरम लागली. आत कुणीतरी जमलं होतं, आणि त्यांचं अजून काही ठरलं नव्हतं.