एका खिडकीची दोन मापं

माझा मूर्खपणा ऐकायचाय ना? मग आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल.

साताऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरायची आणि मोटार परत विहिरीवर धाडायची. बरं चाललं होतं हो. पण मोबाइलमध्ये एक सूटबूटवाला रोज सांगायला लागला, की घर विकत न घेताही विकता येतं. मालकाशी साठेखत करायचं, म्हणजे पुढं खरेदी करू असा करार. थोडा इसार द्यायचा. आणि खरेदीची वेळ यायच्या आत तो करारच चार पैसे वर घेऊन दुसऱ्याला देऊन टाकायचा. मला वाटलं, एवढं सोपं असताना आपण कशाला तारा गुंडाळत बसलो?

घर सापडलं गावाच्या कडेला, एका निवृत्त सुभेदारांचं. भिंतीला भिंत लागून दोन घरं, एकात स्वतः राहायचे आणि दुसरं विकायचं होतं. पण हे सुभेदार, म्हणजे आबा, घर दाखवायच्या आधी माणूस तपासायचे. माझी तर भरतीच घेतली.

"दारू?"

"न्हाई."

"सकाळी कवा उठता?"

"पाचला," मी म्हणालो. साडेसातच्या आत मला उठलेला आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही.

"सोता ऱ्हानार का भाड्यानं देनार?"

"सोता, आबा. तुमच्यासारखा शेजार मिळायला नशीब लागतं."

आबा विरघळले. भावातही सोडलं. साठेखत झालं.

आता इसाराचे पैसे कुठून आणले, तेही ऐका. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पाटल्या गहाण टाकून. लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याच्या खोल्यांत. घरमालकाची लहर फिरली की गाठोडी उचलायची. तिला म्हणालो, घर घेतोय. तिनं लगेच पाटल्या काढून दिल्या आणि स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा ते बोलायला लागली. तिथंच मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. म्हटलं, नफा आला की हिला याहून मोठं घर घेऊ.

गिऱ्हाईक मिळालं झकास. तेजश्री दवाखान्यात नर्स आणि तिचा नवरा एसटीत कंडक्टर. साधी माणसं, पहिलंच घर. त्यांनी विचारलं, "घर तुमचंच न्हवं?" मी म्हणालो, "मग काय शेजाऱ्याचं?" आणि ते शेजाऱ्याचंच होतं, हा त्यातला विनोद मला तेव्हा कळला नाही.

घर दाखवायचं तर आबा अंगणातच. त्यांना सांगितलं, "ही माझी भाची आन जावई, घर बघायला आल्यात." जोडप्याला हळूच सांगितलं, "हे बाबा राखणदार हायत." दोन्हीकडं मिटलं. असं मला वाटलं.

निघताना कंडक्टरनं काय करावं? बनियनवर झाडांना पाणी घालणाऱ्या आबांच्या हातावर वीसची नोट ठेवली. "बाबा, मागचा नळ गळतोय, तेवढं बघा." आबांनी नोटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आमच्याकडं थोरांच्या हातावर कायतरी ठिवायची पद्धत हाय," मी म्हणालो.

"जावई लय अदबशीर हाय," आबा म्हणाले.

पुढच्या रविवारी तेजश्री नवऱ्याला घेऊन पडद्यांसाठी खिडक्यांचं माप घ्यायला आली. मी दारात टेकून नफ्याचा हिशोब करतोय, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि सुनंदा उतरली. ती घरी ब्लाउज शिवते, गळ्यात टेप होतीच. "कापड स्वस्त लागलंय," म्हणाली, "म्हटलं पडद्याचं माप घेऊन टाकावं."

मी तोंड उघडायच्या आत ती स्वयंपाकघरात. एकाच खिडकीला या टोकाला एक टेप, त्या टोकाला दुसरी.

"तुमी कोन?" सुनंदानं विचारलं.

"आमी घर घेतलंय."

"आमीबी घेतलंय की."

आवाज ऐकून आबा आले. सुनंदाला त्यांनी साठेखताच्या वेळी पाहिलं होतं. "अगं पोरी, मामीला वळखत न्हाईस व्हय?"

"कुनाची मामी?" सुनंदा म्हणाली. "मला भाची कुठनं येनार? ह्यांना बहीनच न्हाई."

मागच्या नळाची टपटप तेवढी ऐकू येत होती.

"आमी ह्यांच्याकडनं घर घेतोय," कंडक्टर म्हणाला. "आन बाबा, तुमी राखनदार न्हवं?"

"राखनदारच," आबा म्हणाले. "तीस वर्सं देशाची राखन केली. पन हातावर वीस रुपये ठिवनारं तुमीच पयलं."

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "हे कायद्यात बसतं, आबा." आबांनी सगळी वरात मागच्या गल्लीतल्या वकिलांकडं नेली.

वकील पोहे खात होते. घास गिळून म्हणाले, "करारात मनाई नसेल तर घेण्याचा हक्क दुसऱ्याला देता येतो. पण पैसे द्यायची जबाबदारी मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. आणि मालकानं माणूस बघून घर दिलं असेल, तर हक्कसुद्धा अडतो."

"बघितलाय की," आबा म्हणाले. "रोज पाचला उठतो."

"कोन पाचला उठतं?" सुनंदानं विचारलं.

वकिलांनी ताटली बाजूला ठेवली. "आणि अहो, कागद विकताय तर कागद विकतोय असं सांगायचं. घर माझं म्हणून सांगितलंत, ही सरळ फसवणूक."

तेजश्री उठली. "बरं झालं, अजून एक रुपया दिला न्हवता," नवऱ्याला म्हणाली. मग सुनंदाजवळ जाऊन तिनं हातातली चिठ्ठी दिली. "ताई, सगळ्या खिडक्यांची मापं हायत. परत कशाला घेत बसता." माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्या क्षणी मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साठेखत मोडायचं," आबा म्हणाले. "इसार घ्या आन वाटंला लागा."

सुनंदाचा चेहरा उतरला. माझ्या नफ्यापायी तिचं घर चाललं होतं, आणि ती रडली असती तरी परवडलं असतं. ती वकिलांकडं वळली.

"हा कागद दुसऱ्याच्या नावावर करता येतो म्हनला न्हवं?"

"मालकांची संमती असेल तर."

"मग माझ्या नावावर करा. कर्ज माझ्या शिवनकामावर काढते. हप्ता हे भरतील."

आबांनी तिला नीट न्याहाळलं. "सकाळी कवा उठता?"

"पाचला. ह्यांचा डबा असतो."

"संमती हाय," आबा म्हणाले.

तर मंडळी, सूटबूटवाल्यानं सांगितलं तसंच झालं. करार केला, दुसऱ्याला दिला, अगदी कायद्यात बसवून. फक्त फुकट दिला, आणि हप्ते माझ्याकडं राहिले.

परवा कुरिअरवाला आला. म्हणाला, "मालक आहेत का?"

"मालकीणबाई बाजाराला गेल्यात," मी म्हणालो.

"मग तुम्ही कोण?"

"मी इथं राहतो," म्हटलं. "त्यांच्या संमतीनं."