मामाच्या भट्टीचा धूर

गल्लीच्या तोंडाशी भाच्याचा फोटो स्टुडिओ होता. दिवसभर "हनुवटी वर, हसू नका" म्हणत ओळखपत्रांचे फोटो काढायचे. बायको म्हणायची, "लोकांना हसू नका सांगता सांगता तुम्हीच हसायचं विसरलात." त्याला मात्र आयुष्यात एकदा तरी नाव होईल असा फोटो काढायचा होता.

तो मिळाला मामाच्या अंगणात. मामा मडकी घडवायचा. पुढे त्याची मातीची भट्टी, मागे नदीपलीकडे काचेचे नवे टॉवर. फक्त धूर विरळ होता. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मामा सुकीच लाकडं जाळायचा.

"मामा, थोडा ओला पेंढा टाक ना."

"अरे, मडकी काळी पडतील."

"माझ्यासाठी, एवढ्या एका वेळेला."

भाच्याचा हट्ट मामा कसा मोडणार? पेंढा पडला, काळा लोट उठला आणि त्याने अर्धे टॉवर गिळले. स्पर्धेत फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, तो पेपरात छापून आला. भाच्याचे पाय जमिनीला लागेनात.

मग टॉवरमधल्या लोकांनी तोच फोटो तक्रारीला जोडला. नगरपालिकेची माणसं आली आणि भट्टी बंद करून गेली. मामाने पेंढ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

भाच्याला हे मामीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तो नगरपालिकेत गेला. "साहेब, तो धूर मी करवून घेतला होता."

"म्हणजे फोटो खोटा?"

"हो," तो कसाबसा म्हणाला.

त्याने बक्षीस परत केलं. पण साहेबांनी हात वर केले. भट्टीकडे एकदा लक्ष गेलं होतं. वस्तीत भट्टीला परवानगीच नव्हती.

तो मामाकडे गेला. मामा चाकावरची वाळलेली माती खरवडत होता.

"मामा, माझ्यामुळे झालं सगळं."

"पेंढा टाकला मी. मला काय कळत नव्हतं?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"तुझी मामी गल्लीभर तुझं कौतुक सांगत फिरत होती. तुला तोंडावर कशाला पाडू?"

मामाने चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

मामा आता शहराबाहेर कौलांच्या कारखान्यात कामाला जातो. भाचा त्याला रोज स्कूटरवरून सोडतो. मामा मागे बसून कारखान्यातल्या गमती सांगतो, स्वतःच हसतो. भाचा रस्त्यावरची नजर न काढता नुसतं "हो, हो" म्हणतो. सिग्नलला थांबल्यावरही त्याला मान वळवायचा धीर होत नाही.