प्लायवूडवरचा म्हसोबा

सांगलीतल्या आमच्या घरावर पत्र्याची एक खोली आहे. तिथे प्लायवूडच्या फळीवर मी लोणंदकडचं माझं गाव उभं केलंय, खेळण्यातल्या रेल्वेसकट. रूळ, सिग्नल, मालधक्का, पाण्याची टाकी, फाटकाशेजारची बाभळ. नोकरीतून सुटल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, मी रुळांत जाऊन बसलो. तसे उद्योग मला बरेच. जुने रेडिओ उघडतो, गच्चीवर डब्यांतून गुलाबाची कलमं करतो. पण रेडिओ एकदा बोलायला लागला की संपलं. रेल्वेचं तसं नाही. तिच्यात कायम काहीतरी चुकलेलं असतं, आणि मला चुका काढायला मनापासून आवडतं. बायको म्हणते, माझ्या काढून संपल्या म्हणून वर गेलात.

फाटकाजवळ गावचा म्हसोबा हवा होता. कृष्णेच्या घाटावरून चिंचोक्याएवढा खडा आणला. ऑइलपेंटने रंगवला तर तो औषधाच्या गोळीसारखा दिसायला लागला. शेवटी वैतागून देवघरातला शेंदूर घेतला, तेलात कालवला आणि चोपडला. झकास दिसला. बायको चहा घेऊन वर आली आणि कप हातात धरूनच म्हणाली, "आवं, खरा शेंदूर लावला व्हय? आता त्यो नुसता खडा ऱ्हायला न्हाई."

मी हसलो. एवढं कळतंय तर सिग्नल दुरुस्त करून दाखव, असं काहीतरी तिला म्हणालो.

त्याच वर्षी लेक बाळंतपणाला आली. तिला इस्लामपूरला दिलंय. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने आनंदसुद्धा करत नव्हतं. डॉक्टरांनी अंथरूण सोडू नको म्हणून बजावलं होतं, जिना तर लांबच. खालच्या खोलीत पडून ती वरच्या गाडीची घरघर ऐकायची.

मी फार घाबरलो होतो. घाबरलो की मी काहीतरी बांधायला घेतो. गावाकडे दुसरी लाइन पडली होती, मग माझंच स्टेशन एकेरी का ठेवायचं? नवे रूळ आणले, जागा आखली. नेमका म्हसोबा मधे येत होता. दोन बोटं सरकवला की काम झालं असतं.

एका दुपारी वीज गेली होती आणि वरचा पत्रा तापून तडतडत होता. पातं घेऊन खड्याखाली घालायला वाकलो, तर खड्याच्या कपाळावर ज्वारीचा एक दाणा चिकटलेला.

आमच्या गावची रीत अशी आहे. म्हसोबाच्या शेंदरात ज्वारीचा दाणा लावायचा आणि मनातलं मागायचं. दाणा टिकला तर देवानं धरलं, पडला तर सोडलं.

मी तावातावाने खाली आलो आणि बायकोला विचारलं. "मी कशाला वर जातीया? गुडघं बगा माजं," ती म्हणाली. ते खरंच होतं, त्या चहानंतर ती जिना चढलीच नव्हती. शिवाय खोलीला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्या खिशात. मग लेकीकडे गेलो. ती छताकडे बघत पडली होती. तिला दाण्याचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "तू वर गेली होतीस का गं?"

"न्हाई, आण्णा." मग म्हणाली, "सकाळी हितंच डोळं मिटून मी आपल्या म्हसोबाला दाणा लावला. मनातल्या मनात. का वं?"

मी खाटेच्या कडेला टेकलो. मग वरच्या दाण्याचं सांगून टाकलं. तिने पोटावर हात ठेवला. "मग हलवू नका त्याला," एवढंच म्हणाली.

पुढे मी स्वतःला बरंच काही समजावलं. चिमणीच्या चोचीतून पडला असेल, उंदराने आणला असेल. सगळं पटायचं, पण जिना चढताना पावलं जपून टाकायचो. धक्क्याने दाणा पडू नये म्हणून मी गाडी बंद ठेवली. एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आज गाडी लय येळ चालू हुती, आण्णा. बरं वाटलं." मी "हां" म्हणालो आणि खोलीबाहेर आलो. इंजिनाची तार मीच काढून ठेवली होती.

नात झाली. ठणठणीत. तिचं पहिलं रडणं ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

लेक बाळाला घेऊन सासरी गेली. तिचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, "दाणा हाय न्हवं?" मी वर जाऊन बघून यायचो आणि सांगायचो, "हाय." नात बसायला लागली, रांगायला लागली, चालायला लागली. दुसरा रूळ पुडक्यातच राहिला.

परवा वर गेलो तर खडा नुसता. भिंग घेऊन फळी पाहिली, रुळांच्या फटी पाहिल्या, डबे उलटे केले, जमीन झाडली. दाणा कुठेच नव्हता. शेंदरात त्याच्या बसण्याचा खळगा तेवढा राहिला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"दाणा हाय न्हवं, आण्णा?"

"हाय," मी म्हणालो. "पोरगी कुठाय?"

"आत्ता तर हितंच हुती," लेक म्हणाली आणि तिला हाका मारायला लागली. उत्तर येईना. मी फोन कानाशी दाबून धरला. मग पलीकडे काहीतरी सांडलं आणि नात खिदळली. 

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेलो, ज्वारीच्या डब्यातून एक दाणा घेतला आणि ताजा शेंदूर लावून त्या खळग्यात दाबला. बोट काढलं की पडतो. आता रोज सकाळी मी वर जातो, दाणा लावतो आणि दुसऱ्या हाताने इस्लामपूरला फोन करतो. नातीचा आवाज ऐकू येईपर्यंत दाण्यावरचं बोट काढत नाही.