मिस्त्रींनी नाकारलेला बंगला

“मॅडम, हितं आपलं काम न्हाई.” एवढं म्हणून मिस्त्री टेप कमरेला अडकवायचे आणि सरळ बाहेर पडायचे. मालक अजून आतून घराचा नकाशा आणायला गेलेला असायचा. मी तोंडभर हसून “कळवते हं” म्हणायची आणि रस्त्यावर आल्यावर मिस्त्रींना फैलावर घ्यायची.

बीडमध्ये मी इंटिरियरची कामं घेते. त्यातली पहिली सात वर्षं सुतारकाम मिस्त्रींचं होतं. वय पन्नाशीच्या पुढे, सकाळच्या एसटीने नेकनूरहून यायचे, खिशात दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल. तुमच्याही पाहण्यात असा एखादा कारागीर असेल, की ज्याला कामाची गरज असते आणि तरीही तो काम निवडून घेतो. मला तेव्हा हा निव्वळ माज वाटायचा. नवं ऑफिस टाकलेलं, आणि हा माणूस आलेली गिऱ्हाइकं परत पाठवतोय.

त्यांची निवडायची रीत साधी होती. घरात शिरलं की पाणी मागायचं. ते कोण आणतं, कशात आणतं, आणणाऱ्याला घरातले कसं हाक मारतात, एवढं बघायचं. पहिली दोन वर्षं मी समजत होते की माणसाला तहान फार लागते.

आष्टीला एका दुकानदाराने बोलावलं होतं. छताला प्लास्टरचे हंस हवे होते, हंसांच्या चोची सोनेरी. पाहुण्यांना वर मोठी खोली. आणि त्याच्या आईची खाट जिन्याखाली. “तिला काय, पडूनच तर असते,” हे तो तिच्यासमोर म्हणाला. पाणी तीच घेऊन आली होती, भिंतीला धरत धरत. मिस्त्री बाहेर येऊन म्हणाले, “म्हातारीला जिन्याखाली घालायचं आन् वर हंस उडवायचे. आपल्याला न्हाई जमत बगा.” मी चिडले होते, पण त्या दिवशी वाद घातला नाही.

उलट एका नर्सबाईंचं दोन खोल्यांचं घर मी नको म्हणत होते. त्यात दाखवण्यासारखं काय होतं? मिस्त्रींनी मात्र बाईंना अनवाणी उभं केलं आणि हातात लाटणं दिलं. “लाटा ताई. हवेतच लाटा.” बाई लाजत लाजत हवेत पोळी लाटत होत्या, नवरा शेजारून “गोल येऊ दे” म्हणत होता, आणि मिस्त्री कोपराखाली टेप धरून ओट्याच्या उंचीची खूण भिंतीवर करत होते. “लई दिवसांनी काम गावलं,” परतताना ते म्हणाले. मी मनात म्हटलं, अशा कामांवर माझं ऑफिस चाललं म्हणजे झालं.

मग तेलगावकडचा बंगला आला. मालक राजकारणातला, ऊस भरपूर, पोर्चमध्ये दोन गाड्या. सोफ्यावर बसायच्या आधी त्याने मिस्त्रींना विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” मिस्त्रींनी सांगितलं. मिस्त्री बौद्ध. आमच्याकडे आडनाव कळलं की पुढचं विचारावं लागत नाही. माझ्यासाठी काचेच्या ग्लासात सरबत आलं, मिस्त्रींसाठी कागदी कपात पाणी.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी म्हणाले, “मिस्त्री, कागदी कप हल्ली सगळीकडेच असतात.”

या वाक्याची मला आजही शिसारी येते. तो कप मी पाहिला होता, आणि माझ्या हातातला ग्लासही. पण तो बंगला मला हवा होता. तो झाला की जिल्ह्यातली मोठी घरं माझ्याकडे येणार होती. “माझ्यासाठी करा,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी म्हंता, तर करू,” रस्त्याकडे बघत ते म्हणाले.

पाच महिने त्यांनी काम केलं. त्या घरात काय काय नव्हतं! न्हाणीघरात झुंबर, पलंगाच्या उशाकडे दोन सिंह, आणि एवढ्या थाटात घरातल्या बाईला कपाट कुठे हवं हे एकदाही कुणी विचारलं नाही. मिस्त्री मान खाली घालून रंधा मारायचे. सगळ्यात शेवटी सागवानाचं देवघर केलं, मशीन न लावता, सगळं हाताने. कमानीवरची वेल बघून मी चिडवलं, “मिस्त्री, तुम्हाला आता देव पावणार.”

“लाकूड पावलं तरी बास, मॅडम.”

वास्तुशांतीला आठवडा उरला असताना मालकाने मला बाजूला घेतलं. “बाकी सगळं राहू द्या. पलंग, कपाटं, काही हरकत नाही. देवघर तेवढं दुसऱ्या कुणाच्या हातचं बसवा. घरात वडीलधारे आहेत, समजून घ्या.” फरशीचा रंग बदला म्हणावं इतक्या सहज तो बोलत होता. त्या माणसाने केलेल्या पलंगावर याला झोप लागणार होती, फक्त देवाला ते चालणार नव्हतं. आणि मी म्हणाले, “बघते.”

मिस्त्री देवघराला पॉलिश करत बसले होते. मी म्हणाले, “मिस्त्री, माप चुकलंय. हे नवीन करावं लागेल. दुसऱ्याला सांगते, तुम्ही दमलात.”

ते उठले. टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मी सवयीने धरलं. रुंदी घेतली, उंची घेतली, खोली घेतली. मग पेन्सिलीने नकाशावरचा आकडा दाखवला. “सूतभरबी न्हाई चुकलं. माप बराबर हाय, मॅडम. आता दुसरं काय हाय, ते सांगा.”

आणि ते थांबले. मी बोलावं म्हणून खरंच थांबले होते. मी फोनमध्ये बघत राहिले. मग त्यांनी पटाशा फडक्यात गुंडाळल्या, हात पुसले आणि स्टँडकडे चालू लागले. मी मागे गेले नाही. मालकाला पडद्यांचे नमुने दाखवायचे होते.

त्यानंतर मिस्त्रींनी माझा फोन उचलला नाही. एकदा सुनेने उचलला. “मामा म्हंतात, काम न्हाई करायचं,” एवढं बोलून ठेवला.

महिन्याने बंगल्याचे फोटो काढायला गेले, तेव्हा देवघर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आत फवारणीच्या औषधाचे डबे लावले होते, वेलीवर पांढरे ओघळ आले होते. मी शेडकडे पाठ केली आणि बंगल्याचे फोटो काढले. ते माझ्या ऑफिसात लागले. मोठी कामंही आली, एकाहून एक त्याच जातकुळीची. आज या घरांत शिरताना मला किळस येते, आणि त्यातली निम्मी माझी स्वतःची असते.

परवा एक शिक्षक जोडपं आलं. घर लहान, बोलणं नीट. बायको भिंतीवरच्या फोटोतलं कपाट जवळून बघत म्हणाली, “हे हाताचं काम आहे ना? आम्हाला हेच मिस्त्री हवेत.”

का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं.

“मग तुम्ही मालकाला काय म्हणालात?” तिने विचारलं.

“काहीच नाही.”

तिने टेबलावर पसरलेला घराचा नकाशा हळूहळू घडी करून पर्समध्ये ठेवला. नवरा म्हणाला, “अगं, निदान कामाचं तरी बोलू.”

“चल,” ती त्याला म्हणाली. दार उघडून ती बाहेर पडली, पाठोपाठ तोही.